गुणी कुत्र्याचा पहिला आठवडा

संस्थेच्या गाडीतून उतरलेला कुत्रा नव्या घरात शिरतो, भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारतो आणि दिवाणाखाली जाऊन बसतो. भुंकत नाही, काही कुरतडत नाही, सोफ्यावर चढत नाही. हाक मारली तर नुसते डोळे वर करतो. रात्री व्हिडिओ कॉलवर मावशीला सांगितलं जातं, "अगं, काही त्रासच नाही त्याचा. इतका गुणी आहे!" महिनाभराने त्याच घरातून संस्थेला फोन जातो. आता तो कुरिअरवाल्यावर भुंकतो, चपला पळवतो, पाहुण्यांना हॉलमध्ये बसू देत नाही. "आधी असा नव्हता हो. आमचं काही चुकलं का?"

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. पहिल्या आठवड्यातलं ते शहाणपण भीतीपोटी आलेलं होतं, आणि चपला पळवणारा हाच खरा कुत्रा. बदली होऊन नव्या शाळेत आलेलं पोर पहिले आठ दिवस मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसतं, तेव्हा बाई म्हणतात, "किती शिस्तीचं आहे!" पोराची खरी ओळख मधल्या सुट्टीत त्याला दोन मित्र मिळाल्यावर होते. रस्त्यावरून, शेल्टरमधून किंवा कुणीतरी सोडून दिलेल्या अवस्थेतून घरात आलेल्या कुत्र्याचंही तसंच असतं. तो रुळायला लागला की आधी जरा उपद्रवी होतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक घरं नेमक्या चुकीच्या वेळी धीर सोडतात.

भीती शरीरात मोजता येते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका सरकारी शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं गेलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शेल्टरमधल्या पहिल्या तीन दिवसांत त्याचं प्रमाण घरच्या पाळीव कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट आढळलं. पुढे २०१९ मध्ये पाच अमेरिकी शेल्टरमधल्या कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी माणसांच्या घरी पाठवून पाहिलं. घरी असताना कॉर्टिसॉल उतरलं आणि कुत्र्यांना सलग, लांब विश्रांती मिळाली. परत शेल्टरमध्ये आल्यावर कॉर्टिसॉल पूर्वीच्याच पातळीवर गेलं. म्हणजे घरामुळे फरक पडतो, आणि त्यातला मोठा वाटा निवांत झोपेचा असावा.

नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे नव्या कुत्र्याला मिळत नाही. बातमी सोसायटीत पसरते. शेजारच्या काकू डोकावून जातात, वरच्या मजल्यावरची तीन मुलं येतात, आत्या तर मुद्दाम ठाण्याहून येते. प्रत्येकाला त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा असतो. वरून येणारा अनोळखी हात, समोर वाकलेला चेहरा आणि रोखून पाहणारे डोळे ही कुत्र्यांच्या भाषेत धमकीच असते. मग तो ओठ चाटतो, जांभई देतो, मान वळवतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रूगास यांनी असल्या हालचालींची तपशीलवार नोंद करून त्यांना तंटा टाळण्याचे इशारे म्हटलं. आपल्याकडे मात्र ती जांभई पाहून "झोप आली वाटतं बाळाला" म्हणत त्याला उचलून मांडीवर घेतलं जातं. पहिले काही दिवस बारशाला येतात तशी माणसं येऊ न देणं हा साधा उपाय आहे. त्याच्यासाठी एक कोपरा ठरवावा, तिथे पाणी, जुनी गोधडी किंवा चादर ठेवावी, आणि तो कोपऱ्यात असताना त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना लागू करावा. त्याला जवळ यायचं असेल तेव्हा तो येईल. जमिनीवर, त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसलेलं माणूस कुत्र्याला फार विश्वासू वाटतं.

पहिल्या दिवशी तो जेवत नाही, कधी दुसऱ्याही दिवशी नाही. लघवी तर कित्येक तास रोखून धरतो, आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. रस्त्यावरच्या कुत्र्याने आयुष्यभर मातीवर, गवतावर, विजेच्या खांबाच्या बुंध्याशी हे काम उरकलेलं असतं. गुळगुळीत टाइल्सवर ते करायचं असतं हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत नसलेलंच बरं. रोज त्याच वेळी त्याच मातीच्या तुकड्यावर नेऊन, मोबाइल खिशात ठेवून, शांत उभं राहणं एवढंच हातात असतं. मात्र पूर्ण दिवस उलटूनही लघवी झाली नाही, किंवा त्याने पाणीही सोडलं, तर थांबू नये, डॉक्टरांना फोन करावा.

युरोप-अमेरिकेतल्या शेल्टरमधला कुत्रा बहुधा आधी कुणाच्या तरी घरात राहिलेला असतो. मुंबई-पुण्यात, नागपूर-नाशकात दत्तक जाणारे बरेच कुत्रे जन्मापासून रस्त्यावरचे असतात. (अपवादही आहेत आणि ते वाढताहेत: हौसेने आणून नकोसे झालेले हस्की, बदली झाल्यावर मागे ठेवलेले लॅब्राडॉर.) रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी घर ही वस्तूच नवी असते. पायाखाली घसरणारी फरशी, डोक्यावर फिरणारं काहीतरी, अचानक शिट्टी मारणारा कुकर, मिक्सरचा आवाज, आरशात दिसणारा दुसरा कुत्रा. लिफ्ट तर कहरच: एक छोटी खोली, दार बंद होतं, जमीन हलते आणि दार उघडल्यावर जग बदललेलं असतं. ज्याने पावसाळ्यात गल्लीतल्या तीन टोळ्यांशी मारामाऱ्या करून जागा टिकवली, तो पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी थरथरत उभा राहतो तेव्हा लोकांना हसू येतं. पण त्याच्यासाठी जिना खरोखरच अनोळखी असतो. एका पायरीवर खाऊचा तुकडा, मग दुसरीवर, असं दोन-चार दिवसांत जमतं. ओढून नेलं तर महिना लागतो.

या कुत्र्यांबद्दल एक समज फार घट्ट आहे: जातिवंत कुत्रा माणसाळलेला, गावठी कुत्रा रानटी. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत, आणि त्यांच्या निष्कर्षांतून वेगळंच चित्र पुढे येतं. २०१७ च्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खायला दिलं, तर काहींना पुन्हा पुन्हा थोपटलं. नंतरच्या भेटींत ज्यांना थोपटलं गेलं होतं ते त्या माणसाकडे अधिक ओढीने आले. उपाशीपोटी जगणाऱ्या प्राण्याला बिस्किटापेक्षा पाठीवरचा हात जास्त विश्वासाचा वाटला. २०२० मध्ये याच गटाने दाखवलं की रस्त्यावरचे प्रौढ कुत्रे कोणत्याही शिकवणीशिवाय माणसाच्या बोटाचा इशारा समजतात. वाटी कुठे आहे हे दुरून दाखवल्यावर जे जवळ आले, त्यांतले सुमारे ८० टक्के दाखवलेल्या दिशेने गेले. मात्र जवळ न येणारे, घाबरून दूरच थांबलेले कुत्रेही बरेच होते. शिकण्याची कुवत सगळ्यांत आहे, पण पूर्वीचे अनुभव प्रत्येकाचे वेगळे आहेत.

ते अनुभव काय असतात याचाही हिशेब याच गटाने मांडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं गेलं. सातव्या महिन्यापर्यंत त्यांतली जेमतेम १९ टक्के जगली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे या ना त्या रूपात माणूस होता: गाडीखाली, मारहाणीत, विषाने. दत्तक घेतलेला दोन वर्षांचा गावठी कुत्रा हा या चाळणीतून उरलेला असतो. त्याने माणसाची माया अनुभवलेली असते आणि काठीही. म्हणून तो झाडूला घाबरतो, हेल्मेट घातलेल्या माणसावर धावून जातो किंवा एखाद्या विशिष्ट आवाजाच्या पुरुषाला पाहून कोपऱ्यात शिरतो. त्यामागचं कारण घरच्यांना कधीच कळणार नसतं. ते शोधत बसण्यापेक्षा झाडू दाराआड ठेवून तो हातात घेताना रोज एक खाऊ टाकणं उपयोगाचं ठरतं.

वय इथे फार महत्त्वाचं. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्लं मोठ्या कुंपणात आईजवळ, पण माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली होती. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकेक आठवडा माणसांत आणलं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच ते नऊ आठवड्यांच्या सुमारास आणलेली पिल्लं माणसांत सहज मिसळली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती नंतर कितीही केलं तरी बुजरीच राहिली. पिल्लाचं जग या वयात उघडं असतं, मग हळूहळू मिटत जातं. रतन टाटांचा 'गोवा' आठवावा. गोव्यात असताना एक लहान पिल्लू त्यांच्या सहकाऱ्याच्या गाडीत चढून बसलं आणि थेट मुंबईला बॉम्बे हाउसमध्ये आलं, अशी त्याची गोष्ट. नावही तिथूनच पडलं. टाटा समूहाच्या त्या मुख्यालयात २०१८ च्या नूतनीकरणानंतर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र जागाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनासाठी गोवाला मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात आणलं गेलं, ते दृश्य अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. अनोळखी गाडीत आपणहून चढण्याचं धाडस पिल्लाच्या वयातलं असतं. चार वर्षांचा रस्त्यावरचा कुत्रा तसं सहसा करत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

प्राणी संस्थांमधली माणसं नव्या घरांना 'तीन-तीन-तीन'चा नियम सांगतात. तीन दिवस गोंधळ निवळायला, तीन आठवडे घराची घडी समजायला, तीन महिने हे घर आपलं वाटायला. हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, आणि उपयोगी आहे. पण त्यात एक सूक्ष्म फसवणूकही आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं एका सरळ रेषेत सुधारत जाणार. प्रत्यक्षात तसं होत नाही, हे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासाने दाखवलं. शेल्टरमधून दत्तक गेलेल्या ९९ कुत्र्यांच्या मालकांना सातव्या, तिसाव्या, नव्वदाव्या आणि एकशे ऐंशीव्या दिवशी तीच प्रश्नावली दिली गेली. एकटं राहण्याचा त्रास काळाबरोबर कमी झाला. पण अनोळखी माणसांवर गुरगुरणं-भुंकणं पहिल्या आठवड्याच्या तुलनेत वाढलं आणि सहा महिन्यांनंतरही वाढलेलंच राहिलं. तरी सहा महिन्यांच्या शेवटी नव्वद टक्क्यांहून अधिक मालकांनी आपल्या कुत्र्याचं वागणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं.

वागणं 'बिघडूनही' मालक खूश आहेत, यात विसंगती नाही. ज्याला स्वतःच्या मालकीचं काही नाही तो कशाची राखण करणार? घर आपलं वाटू लागलं की त्याची हद्द ठरते. रस्त्यावर ही हद्द चहाच्या टपरीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत होती, आता ती फ्लॅटच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे एवढंच. दूधवाला, इस्त्रीवाला, डिलिव्हरीवाला सगळे या हद्दीवर येतात, कुत्रा भुंकतो आणि ते निघून जातात. त्याच्या दृष्टीने प्रत्येक वेळी भुंकण्याने काम झालेलं असतं! यावर ओरडणं निरर्थक आहे. मालकही आपल्याबरोबर भुंकतोय असंच त्याला वाटत असावं. बेल वाजली की आपल्या कोपऱ्यात जायचं आणि तिथे काहीतरी चांगलं मिळतं, एवढं त्याला शिकवता येतं. बेल मोबाइलवर रेकॉर्ड करून, दिवसातून पाच-सहा वेळा वाजवून, हळूहळू.

खाण्याच्या ताटलीवरून होणारी गुरगुरही याच काळात सुरू होते. घरातलं ज्येष्ठ माणूस म्हणतं, "आत्ताच दाखवून दे कोण मालक ते." मग ताटली ओढून घेतली जाते, डोळ्यांत डोळे घालून दटावलं जातं, कधी एक फटका पडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमक होऊन उत्तर दिलं होतं. नुसतं रोखून पाहण्यानेही ३० टक्के कुत्रे चवताळले. गुरगुर दाबली तर कुत्रा शांत होत नाही. फक्त पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. उलट, ताटलीजवळून जाताना काही काढून न घेता वरून एक चिकनचा तुकडा टाकत राहिलं, तर काही आठवड्यांत माणूस जवळ येणं ही आनंदाची बातमी ठरू लागते. भाकरी पळवलेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण ते नामदेव होते. आपण धावलो तर कुत्रा तेवढ्याच वेगाने पळतो, आणि पळवलेली वस्तू मौल्यवान आहे याची त्याला खात्री पटते. चप्पल परत हवी असेल तर बदल्यात दुसरं काही द्यावं.

आहाराबद्दल थोडक्यात: दूध-पोळी हे कुत्र्याचं जेवण असल्याची आपली पक्की समजूत आहे, पण प्रौढ कुत्र्यांना दूध अनेकदा पचत नाही आणि नव्या घरातल्या पहिल्या जुलाबामागे बऱ्याचदा तेच असतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहेत, त्यामुळे उरलेली भाजी किंवा चिवडा घालणं बंद. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी करून घ्यावीच. गोचीड तापाचे जंतू अंगात असूनही बाहेरून तो ठणठणीत दिसू शकतो, आणि 'किती शांत आहे' म्हणून ज्याचं कौतुक चाललंय तो खरं तर तापाने मलूल झालेला असू शकतो. रेबीज आणि इतर लसी, जंतांचं औषध, पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसची लस हे डॉक्टर सांगतीलच. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे असं समजावं.

पळून जाण्याचा धोका मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. नवा कुत्रा हरवतो तो बहुधा सुरुवातीच्या काळातच. दार उघडं राहतं, मोटारसायकलचा आवाज होतो, ढिला पट्टा मानेतून सुटतो आणि तो धूम ठोकतो. त्याला अजून आपलं नाव कळत नाही आणि परतीची वाट माहीत नाही. मागे धावणारी माणसं त्याच्या लेखी पकडायला आलेली माणसं असतात. पहिले काही महिने हार्नेस आणि गळपट्टा अशा दोन्हींना दोरी बांधणं, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला ठेवणं, मायक्रोचिप बसवून घेणं ही काळजी अतिरेकी वाटते, पण तिचं मोल दिवाळीत कळतं.

फटाक्यांमुळे कुत्र्यांचं काय होतं हे समजून घ्यायला रशियातला एक जुना प्रसंग उपयोगी पडतो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी वर चढत होतं, आणि त्यांना पोहत, प्रसंगी पाण्याखालून ओढून बाहेर काढावं लागलं. कुत्रे वाचले, पण काहींनी महिनोन्‌महिने शिकलेल्या प्रतिक्रिया हरवल्या. त्या नव्याने शिकवून झाल्यावरही खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली, की सगळं पुन्हा कोसळायचं. दत्तक कुत्र्याच्या बाबतीत घरच्यांना नेमकं हेच कोडं पडतं. चार महिने मजेत राहिलेला कुत्रा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाथरूममध्ये शिरतो आणि दोन दिवस बाहेर येत नाही. केलेली मेहनत वाया गेली असं त्यांना वाटतं. ती वाया जात नाही, फक्त जुनी भीती वर आलेली असते. फटाके सुरू होण्याआधी, उजेडातच फिरवून आणणं, रात्री खिडक्या-पडदे बंद करून पंखा किंवा टीव्हीचा सलग आवाज चालू ठेवणं आणि फार घाबरणाऱ्यासाठी आठवडाभर आधी डॉक्टरांकडून औषध ठरवून घेणं, यांनी बराच फरक पडतो. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, ही समजूत सोडून द्यावी. तो जवळ आला तर घ्यावं.

माणसाचा लळा मात्र अपेक्षेपेक्षा लवकर लागतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ मध्ये शेल्टरमधल्या प्रौढ कुत्र्यांबरोबर एक प्रयोग केला. अनोळखी माणसाने प्रत्येक कुत्र्याबरोबर दहा-दहा मिनिटं, तीन वेळा घालवली. एवढ्यावरच अनेक कुत्रे त्या माणसाला आपलं मानल्यासारखे वागू लागले: तो बाहेर गेला की दाराशी उभे राहायचे, परतल्यावर बिलगायचे. म्हणून दत्तक घेतल्यावर आठवडाभर सुट्टी काढणं, चोवीस तास कुत्र्याजवळ राहणं आणि सोमवारी एकदम नऊ तासांसाठी ऑफिसला निघून जाणं हा प्रेमाने केलेला घात आहे. पहिल्या दिवसापासून कचरा टाकायला खाली, मग भाजी आणायला, मग तासभर, अशी सवय लावावी लागते. जाताना निरोपाचा सोहळा नको आणि आल्यावर आरती नको. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावला तर दार बंद झाल्यावर तो झोपतो की दार खरवडत ओरडतो हे कळतं. शेजाऱ्यांच्या तक्रारीची वाट पाहावी लागत नाही.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला सभेत ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. कायदा बाजूने असला तरी कुत्र्याची घाण उचलणं, लिफ्टमध्ये घाबरणाऱ्यासाठी मागे थांबणं आणि महापालिकेचा परवाना काढून ठेवणं यामुळे सेक्रेटरींशी होणारे वाद अर्ध्यावर येतात. मुंबईला या वादाची परंपराही जुनी आहे. १८३२ च्या जूनमध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध कोटातले पारशी रस्त्यावर उतरले होते आणि शहर बंद पडलं होतं.

जवळपास दोनशे वर्षांनी प्रश्न पुन्हा तापला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना उचलून कायमचं निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, आणि २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी-लसीकरणानंतर त्याच भागात परत सोडण्याची मुभा दिली. रेबीज झालेले, तशी शंका असलेले आणि आक्रमक कुत्रे वगळून. याच आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येतील असं म्हटलं, पण अट घातली: दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची. त्यामुळे घरातलं रुळणं-न रुळणं ही आता फक्त कौटुंबिक बाब उरलेली नाही.

या अटीकडे पाहताना एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा फ्लॅटमध्ये सुखी होत नाही. सहा वर्षं एका गल्लीत वाढलेला, चार घरांतून खाणारा, वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारा आणि माणसाने हात लावू नये असं वाटणारा कुत्रा सातव्या मजल्यावर कोंडणं हा त्याच्यावर उपकार नाही. त्याला नसबंदी, लस आणि त्याची गल्ली पुरते. उलट ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी हात टेकले होते असे कुत्रे घरात रमल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू मायकेल विक याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर २००७ मध्ये छापा पडला तेव्हा झुंजीसाठी पाळलेले पन्नासहून अधिक पिटबुल सापडले. अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकण्याची तोवरची रीत होती. न्यायालयाने प्रत्येकाची वेगळी तपासणी करायला लावली. त्यांतले २२ युटा राज्यातल्या बेस्ट फ्रेंड्स या संस्थेकडे गेले, आणि महिने-वर्षांच्या मेहनतीनंतर अनेकांना घरं मिळाली. काहींना आयुष्यभर संस्थेतच राहावं लागलं. एकाच आवारातून आलेल्या कुत्र्यांचं पुढचं आयुष्य इतकं वेगवेगळं गेलं.

दत्तक शिबिरांत हे वेगळेपण पाहायला कुणाला फारसा वेळ नसतो. दोन महिन्यांची गोंडस पिल्लं दुपारपर्यंत संपतात. पाच वर्षांचा, एका पायाने लंगडणारा कुत्रा संध्याकाळी आपल्या फोस्टरबरोबर, म्हणजे तात्पुरत्या पालकाबरोबर, परत जातो. वास्तविक पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, दिवसभर नोकरीवर असणाऱ्या घरासाठी तोच अनेकदा सोयीचा असतो. तो किती मोठा होणार हे दिसतंच आहे. लिफ्टमध्ये तो शांत उभा राहतो का, मांजर चालते का, लहान मुलं आवडतात का, पाच तास एकटा राहतो का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याला सहा महिने घरी ठेवलेला फोस्टर तोंडपाठ सांगतो. पिल्लाबद्दल असं काही सांगता येत नाही. त्याच्या बाबतीत फार तर आई कशी होती ते कळतं, तेही ती सापडली असेल तर.